शास्त्रदानापासून छायाचित्रदानापर्यंत

जैन परंपरेने आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान अशी दानाची चार अंगे सांगितली आहेत. त्यांपैकी ज्ञानदानाचे प्रत्यक्ष रूप शतकानुशतके शास्त्रदान हेच राहिले. एखादी श्राविका व्रताच्या उद्यापनानिमित्त लेखनिकाकडून पोथी लिहवून घेई आणि ती मुनींना, आर्यिकांना अथवा मंदिराच्या भांडारास अर्पण करी. पोथी पूर्ण झाली की शेवटच्या पानावर प्रशस्ती लिहिली जाई. ग्रंथ कोणत्या गावी, कोणत्या संवतात, कोणत्या भट्टारकांच्या काळात, कोणी लिहिला आणि कोणासाठी लिहविला, हे सारे त्यात येत असे. 'ज्ञानावरणीय कर्माच्या क्षयार्थ' हा हेतूही पुष्कळदा नोंदलेला असे.

या प्रथेचे महत्त्व केवळ धार्मिक नाही. आज मध्ययुगीन महाराष्ट्रातील जैन समाजाविषयी जे काही खात्रीने सांगता येते, त्याचा मोठा भाग या प्रशस्त्या आणि मूर्तींच्या पादपीठावरील लेख यांवर उभा आहे. दात्याने दिलेली वस्तू आणि त्या वस्तूसोबत दिलेली खरी माहिती, अशी दोन दाने त्यात एकत्र आली होती. अलीकडच्या दोन दशकांत या परंपरेला साजेसे एक नवे दान उपलब्ध झाले आहे. आपल्या गावाची, मंदिरांची आणि उत्सवांची छायाचित्रे इंटरनेटवरील मुक्त ज्ञानकोशास अर्पण करणे, हे ते दान होय. त्याचा विचार करण्यापूर्वी मागील इतिहासाकडे पाहणे उचित ठरेल, कारण आज या दानाबाबत जे प्रश्न विचारले जातात, ते समाजाने पूर्वीही विचारले आहेत आणि त्यांची उत्तरेही दिली आहेत.

मूडबिद्रीचे कुलूप आणि अमरावतीचा ग्रंथ

ज्ञान कुलपात ठेवावे की वाटावे, या प्रश्नाचा सर्वांत बोलका इतिहास षट्खंडागमाचा आहे आणि त्याचा शेवटचा अध्याय विदर्भात घडला. गिरनारच्या चंद्रगुफेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना जे ज्ञान दिले, त्यातून षट्खंडागम सिद्ध झाला, अशी परंपरा आहे. त्यावर वीरसेनाचार्यांची 'धवला' टीका नवव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाली. पुढे अनेक शतके या ग्रंथाच्या ताडपत्रीय प्रती कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत राहिल्या. यात्रेकरू त्यांचे दर्शन घेत, वंदन करीत आणि परत जात. वाचण्याची सोय मात्र नव्हती.

मुंबईचे सेठ माणिकचंद आणि सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद यांनी या ताडपत्रांची जीर्णावस्था पाहून नकला करवून घेण्याची खटपट केली. १८९६ च्या सुमारास सुरू झालेले हे काम सुमारे पाव शतक चालले. नकला तयार झाल्या, तरी त्या मूडबिद्रीबाहेर जाऊ नयेत असा निर्बंध होता. नकलेच्या कामावर असलेल्या गजपती उपाध्याय यांनी एक कानडी प्रत गुप्तपणे तयार केली आणि ती घेऊन ते सोलापूरला गेले. हिराचंद सेठजींनी ती स्वीकारली नाही आणि माणिकचंद सेठजींनाही ती न घेण्याविषयी कळविले. ज्या ग्रंथासाठी त्यांनी आयुष्याची वर्षे वेचली होती, तो हाती येत असता त्यांनी तो परत पाठविला. अखेर ही प्रत सहारनपूरच्या लाला जंबूप्रसाद यांच्याकडे गेली. तेथे तिची नागरी नक्कल झाली आणि त्या नकलेवरून झालेल्या प्रती आरा, कारंजा, अमरावती अशा ठिकाणी पोहोचल्या.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी या प्रतींच्या आधारे संपादन हाती घेतले आणि १९३९ मध्ये अमरावतीहून धवलेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढे मूडबिद्रीच्या धर्मपीठानेही मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास अनुमती दिली आणि सोळा खंडांत हे कार्य पूर्ण झाले. आज देशातील कोणत्याही स्वाध्याय मंडळात धवला वाचली जाते.

या इतिहासातून दोन गोष्टी लक्षात येतात. ग्रंथाच्या प्रती वाटल्या गेल्या म्हणून तो विद्वानांच्या अभ्यासात आणि सामान्य श्रावकाच्या हाती आला. त्याचबरोबर, ज्यांच्याकडे ठेवा होता त्यांनी वेळीच आपणहून दिले असते, तर गुप्त नकलेचा प्रसंगच उद्भवला नसता. हिराचंद सेठजींचा नकार आणि मूडबिद्रीची नंतरची उदार अनुमती या दोन्ही घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. न दिलेले घेऊ नये आणि देण्यासारखे असलेले अडवू नये, असा त्यांचा एकत्रित अर्थ आहे.

छापखान्याच्या बाबतीतही हेच घडले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्र छापण्यास समाजातून तीव्र विरोध झाला. छापलेल्या ग्रंथाचा अविनय होईल, तो कोणाच्याही हाती जाईल, ही भीती होती. हिराचंद नेमचंद यांनीच सोलापूरहून सुरू केलेल्या 'जैन बोधक' या नियतकालिकाने आणि पुढील ग्रंथमालांनी ती भीती हळूहळू दूर केली. कारंजा येथील भांडारांतील अपभ्रंश काव्ये 'कारंजा जैन ग्रंथमाले'तून १९३० नंतरच्या काही वर्षांत छापली गेली, तेव्हा विदर्भातील एका लहान गावाचे नाव देशोदेशीच्या भाषाशास्त्रज्ञांच्या अभ्यासात पोहोचले. भांडार बंद राहिले असते, तर असे झाले नसते.

पापडीवालांच्या मूर्ती आणि पादपीठावरील अक्षरे

दानाचे आणखी एक विलक्षण उदाहरण विदर्भातील बहुतेक जुन्या दिगंबर मंदिरांना परिचित आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस, विक्रम संवत १५४८ मध्ये, वैशाख शुद्ध तृतीयेस शहा जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक जिनचंद्र यांच्या उपदेशाने फार मोठ्या संख्येने जिनप्रतिमांची प्रतिष्ठा केली आणि त्या दूरदूरच्या मंदिरांत पाठविल्या. आजही एखाद्या लहान गावच्या वेदीवर पांढऱ्या पाषाणाची प्रतिमा दिसते, तिच्या पादपीठावर 'संवत १५४८' ही अक्षरे वाचता येतात आणि त्या गावाचा धागा थेट त्या दूरच्या प्रतिष्ठेशी जोडला जातो.

या लेखांचे मोल नागपूरच्या डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी ओळखले. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'भट्टारक संप्रदाय' या त्यांच्या ग्रंथात बलात्कार गण, सेनगण, काष्ठासंघ यांच्या परंपरा लावताना मूर्तिलेख आणि ग्रंथप्रशस्ती हेच मुख्य साधन आहे. कारंजा आणि नागपूर येथील मंदिरांतील लेखांचा त्यात मोठा वाटा आहे. एकेका ओळीच्या, झिजलेल्या, हळदी-चंदनाने बुजलेल्या अक्षरांतून त्यांनी भट्टारकांच्या पिढ्या जुळविल्या.

जोहरापूरकरांना हे लेख मंदिरोमंदिरी वाचून उतरवून घ्यावे लागले. आज प्रत्येक लेखाचे स्वच्छ छायाचित्र काढणे ही काही मिनिटांची गोष्ट आहे. विदर्भ, मराठवाडा, बुंदेलखंड आणि राजस्थान येथील संवत १५४८ च्या प्रतिमांच्या लेखांची छायाचित्रे एकत्र पाहता आली, तर पाच शतकांपूर्वीचे ते दान किती गावांत पोहोचले याचा नकाशा काढता येईल. हे काम कोणत्याही एका संस्थेच्या आवाक्यातले नाही. प्रत्येक गावाने आपल्या वेदीपुरते काम केले, तर मात्र ते सहज होण्यासारखे आहे.

कॅमेरा मंदिरात आला

जैन तीर्थांच्या छायाचित्रणाचा इतिहासही लहान नाही. १८६९ मध्ये मुंबईहून शत्रुंजयाच्या मंदिरांवर एक चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील छायाचित्रे साइक्स आणि ड्वायर या छायाचित्रकारांची होती आणि प्रास्ताविक जेम्स बर्जेस यांचे होते. पुढे पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ मध्ये तयार केली. या साऱ्या कामाची दृष्टी शासकीय होती. भव्य, प्राचीन आणि कलादृष्ट्या उल्लेखनीय वास्तू तिच्या कक्षेत येत. बाजारपेठेच्या गावातील शंभर वर्षांचे लाकडी सभामंडपाचे मंदिर तिच्यात येण्याचे कारण नव्हते.

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने हे चित्र काहीसे बदलले. भारतीय ज्ञानपीठाने अमलानंद घोष यांच्या संपादनाखाली जैन कला आणि स्थापत्यावरील तीन खंड प्रसिद्ध केले. पंडित बलभद्र जैन यांच्या 'भारत के दिगंबर जैन तीर्थ' या मालेतील महाराष्ट्राचा समावेश असलेला चौथा भाग १९७८ मध्ये आला. अनेक कुटुंबांच्या कपाटात हा ग्रंथ आजही असेल. त्यातील कृष्णधवल चित्रे पाहून रामटेक, कारंजा, मुक्तागिरी येथील त्या काळच्या परिसराची कल्पना येते. पण तीर्थक्षेत्राचा मान नसलेली शेकडो गावे या ग्रंथांच्याही बाहेरच राहिली. त्यांची छायाचित्रे राहिली ती घराघरांतील अल्बममध्ये, विश्वस्तांच्या कपाटात आणि स्मरणिकांच्या पानांवर.

नागपूर आणि ज्ञानकोश

ज्ञानकोश ही कल्पना नागपूरला नवी नाही. रायपूर येथे जन्मलेले आणि अमरावतीत शिकलेले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी मराठीतील पहिल्या आधुनिक ज्ञानकोशाचा आरंभ १९१६ मध्ये नागपुरातच केला. त्यासाठी त्यांनी ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी काढली, भागभांडवल जमविले आणि गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले. पुढे काम पुण्यास गेले आणि १९२० पासून तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' सिद्ध झाला. त्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून मराठी विश्वकोश निघाला. त्याचा पहिला खंड १९७६ चा आहे.

या दोन्ही कोशांत संपादक मंडळ लेख लिहवून घेई आणि वाचक तो वाचे. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने ही रीत बदलली. येथे वाचकच लेखक होऊ शकतो, सुधारणा करू शकतो आणि आधार विचारू शकतो. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी झाला. आज त्यावरील लेखांची संख्या नव्वद हजारांच्या पुढे गेली आहे. सप्टेंबर २००४ मध्ये 'विकिमीडिया कॉमन्स' हे त्याचे भांडार उघडले. सर्व भाषांतील विकिपीडियांना लागणारी छायाचित्रे येथे एकत्र ठेवली जातात. दहा कोटींहून अधिक चित्रे, ध्वनिफिती आणि दस्तऐवज आज त्यात आहेत. येथे ठेवलेले रामटेकचे एक छायाचित्र मराठी, हिंदी, कन्नड, गुजराती, इंग्रजी अशा कोणत्याही भाषेतील लेखात वापरता येते. ते पुन्हा पुन्हा देण्याची गरज नसते.

सामान्य माणसांनी आपल्या परिसराची छायाचित्रे या भांडारास देण्याच्या मोहिमा भारतात २०११ पासून दिसू लागल्या. त्या वर्षी एप्रिल महिन्यात केरळमधील मल्याळम विकिपीडियाच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या छायाचित्रांसाठी आवाहन केले आणि दोन हजारांहून अधिक चित्रे जमा झाली. नेदरलँड्समध्ये २०१० साली सुरू झालेली स्मारकांच्या छायाचित्रांची स्पर्धा २०११ मध्ये युरोपभर पसरली. त्या वर्षी १,६८,२०८ चित्रे आली आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. २०१२ पासून भारत या उपक्रमात सहभागी झाला. शेजारच्या गोव्यात २०१३ साली गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला. एका विद्यापीठाने वर्षानुवर्षांच्या श्रमाने केलेले काम लोकांना देऊन टाकावे, हे शास्त्रदानाचेच आधुनिक रूप होय.

परदेशातील संग्रहालयेही या मार्गाने गेली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या प्रताधिकारमुक्त कलाकृतींची लक्षावधी छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली. त्यात पश्चिम भारतात रंगविलेली कल्पसूत्राची पाने आहेत. त्यामुळे जगातील विद्यार्थ्याला कल्पसूत्राचे पान न्यूयॉर्कच्या कृपेने घरबसल्या दिसते. विदर्भातील एखाद्या गावचे मंदिर मात्र त्याला कोठेच आढळत नाही. जैन धर्माची जगासमोरील प्रतिमा संग्रहालयांतील वस्तूंवरून घडत आहे. जेथे दररोज अभिषेक होतो, पाठशाळा भरते, पर्युषणात रात्री प्रवचन चालते, त्या जिवंत स्थानांचा वाटा त्या प्रतिमेत अल्प आहे.

विदर्भातील गावांची निकड

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ४४,५१,७५३ जैन होते आणि त्यांपैकी १४,००,३४९ महाराष्ट्रात होते. संख्येने हे राज्य देशात पहिले आहे. पण ही संख्या उत्तरोत्तर शहरांकडे सरकत आहे. शिक्षण आणि व्यवसाय यांमुळे लहान गावांतील कुटुंबे नागपूर, पुणे, मुंबईकडे आली. काही गावांत मंदिर आहे आणि पूजेला दोन-चार घरे उरली आहेत. घर विकले जाते तेव्हा भिंतीवरील तसबिरी उतरविल्या जातात आणि अल्बम माळ्यावर जातात. विदर्भाचा उन्हाळा, पावसाळ्यातील ओल आणि वाळवी यांपुढे कागदी छायाचित्र फार काळ टिकत नाही.

जीर्णोद्धाराने दुसरा प्रश्न निर्माण केला आहे. गेल्या काही दशकांत अनेक मंदिरांचे नवनिर्माण झाले. संगमरवर आला, शिखरे उंच झाली, सोयी वाढल्या. भाविकांच्या श्रद्धेतून झालेले हे कार्य स्तुत्य आहे. तरीही जुना कोरीव लाकडी खांब, चुन्यातील नक्षी, भिंतीवरील तीर्थपट, दारावरील शिळा यांचे एकही छायाचित्र न घेता बांधकाम उतरविले गेले असेल, तर पुढील पिढीस मूळ वास्तू कधीच दिसणार नाही.

शिरपूरचे उदाहरण या बाबतीत विचार करायला लावणारे आहे. वाशिम जिल्ह्यातील श्री अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर दोन्ही आम्नायांमधील वादामुळे १९८१ पासून कुलूपबंद राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडले. बेचाळीस वर्षांचा हा काळ म्हणजे एक संपूर्ण पिढी. त्या काळात जन्मलेल्या आणि प्रौढ झालेल्या श्रावकांसाठी आतील दर्शन म्हणजे वडीलधाऱ्यांच्या आठवणी आणि जुनी छायाचित्रे एवढेच होते. वादाचा निवाडा न्यायालयाने करावा. परंतु जुने छायाचित्र कोणत्याही आम्नायाच्या घरी असो, ते जपले गेले पाहिजे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

नागपूरचे अजब बंगला म्हणून परिचित असलेले मध्यवर्ती संग्रहालय हेही येथे आठवते. अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथे सापडलेल्या धातूच्या जैन प्रतिमा तेथे आहेत. पुरातत्त्वज्ञ बालचंद्र जैन यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केल्यामुळे त्या अभ्यासकांना परिचित झाल्या. ज्या गावात त्या सापडल्या, त्या गावाचे नाव मात्र त्यांच्यामुळेच टिकून राहिले आहे. वस्तू गावाबाहेर गेली तरी नोंद गावाला जिवंत ठेवते, असा याचा बोध आहे.

अदत्तादान आणि कायदा

अचौर्य अणुव्रतात न दिलेली वस्तू घेणे वर्ज्य सांगितले आहे. प्रताधिकाराचा कायदा याच तत्त्वाची व्यावहारिक बाजू मांडतो. छायाचित्राचा कागद आपल्या कपाटात आहे, म्हणजे त्याचा प्रताधिकारही आपला आहे, असे नाही. हा अधिकार सामान्यतः छायाचित्रकाराचा असतो. मात्र एखाद्या व्यक्तीने अथवा संस्थेने मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर १९५७ च्या भारतीय कायद्याच्या कलम १७ नुसार काढवून घेणारा त्याचा प्रथम मालक ठरतो. पंचकल्याणक प्रतिष्ठेसाठी ट्रस्टने पैसे देऊन स्टुडिओकडून काढविलेली छायाचित्रे या प्रकारात येऊ शकतात. म्हणूनच जुनी पावती, ठरावाची नोंद किंवा हिशेबाची वही जपून ठेवणे अगत्याचे आहे.

हा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यापूर्वी काढलेल्या छायाचित्रांना पन्नास वर्षांचे संरक्षण होते आणि ते आता संपले आहे. त्यामुळे स्वातंत्र्यपूर्व काळातील संघयात्रा, रथोत्सव, जुन्या पाठशाळा यांची चित्रे निःसंकोचपणे देता येतात. त्यानंतरच्या छायाचित्रांबाबत छायाचित्रकाराची अथवा त्याच्या वारसांची लेखी संमती घेणे हाच सरळ मार्ग आहे. मंदिराच्या इमारतीचे आणि सार्वजनिक प्रवेश असलेल्या जागी कायम असलेल्या मूर्तींचे छायाचित्र घेण्यास भारतीय कायद्याची आडकाठी नाही. भिंतीवर अलीकडे रंगविलेल्या चित्राचा अधिकार मात्र चित्रकाराकडे असू शकतो, म्हणून त्याला विचारले पाहिजे.

मुक्त भांडारास देताना दाता 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाच्या परवान्याखाली देतो. त्याचा अर्थ असा की श्रेय देऊन आणि त्याच अटींवर कोणीही ते छायाचित्र वापरू शकतो, व्यापारासाठीही वापरू शकतो. हे दान एकदा दिले की मागे घेता येत नाही. दिलेल्या आहारावर दात्याचा हक्क उरत नाही, तसेच हे आहे. नाव मात्र राहते. प्रशस्तीतील दात्याच्या नावाप्रमाणे छायाचित्रकाराचे नाव चित्रासोबत कायम नोंदलेले असते.

समाजाच्या शंका

या अटी ऐकल्यावर अनेक विश्वस्तांच्या मनात शंका येते आणि ती रास्त आहे. भगवंतांच्या प्रतिमेचे चित्र कोणी मिठाईच्या खोक्यावर छापले तर? अविनयाची ही भीती छापखान्याच्या काळातही होती. तिचे उत्तर निवडीत आहे. सारेच द्यावे असे बंधन कोठेही नाही. मूलनायकांचे छायाचित्र काढू न देण्याची परंपरा ज्या मंदिरात आहे, तेथे ती पाळावी. शिखर, मानस्तंभ, प्रवेशद्वार, सभामंडप, शिलालेख, रथयात्रा, धर्मशाळा, पाठशाळेची इमारत यांची छायाचित्रे दिली तरी गावाचा इतिहास पुष्कळ अंशी सुरक्षित होतो. सल्लेखनेतील साधकांची, केशलोचाची किंवा आजारी त्यागीजनांची छायाचित्रे संघाच्या अनुमतीवाचून देऊ नयेत. पाठशाळेतील मुलांचे चेहरे ओळखू येत असतील, तर पालकांची संमती घ्यावी.

दुसरी शंका चोरीची असते. मूर्तीचे चित्र जगाला दिसले तर चोरांना वाट दाखविल्यासारखे होईल, असे काहींना वाटते. ही काळजी मौल्यवान धातूच्या लहान प्रतिमांबाबत योग्य आहे. अशा प्रतिमांची चित्रे प्रसिद्ध न करता संस्थेच्या दप्तरी ठेवावीत. पण ती काढलीच नाहीत, तर हानी अधिक होते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली प्राचीन मूर्तींच्या नोंदणी अर्जासोबत छायाचित्रे जोडावी लागतात आणि चोरीस गेलेली मूर्ती आपली आहे हे सिद्ध करण्यासाठी छायाचित्रासारखा पुरावा नाही.

तिसरी शंका आम्नायभेदाची. ज्ञानकोशात कोण काय लिहील, याची धास्ती दोन्ही बाजूंना असते. विकिपीडियाचा नियम तटस्थ दृष्टिकोनाचा आहे. मतभेद असतील तेथे दोन्ही मते आधारासह मांडावीत, असे तो सांगतो. अनेकांताच्या उपासकांना हा नियम परका वाटू नये. छायाचित्राखाली दावा लिहू नये. काय दिसते, कोठे आहे आणि कधी काढले, एवढेच लिहावे.

चित्राची प्रशस्ती

'जैन मंदिर' एवढे दोन शब्द लिहून दिलेले छायाचित्र पाच वर्षांनी कोणाच्याही उपयोगी पडत नाही. पोथीची प्रशस्ती लिहिणाऱ्या लेखनिकाची शिस्त येथे हवी. गाव, तालुका, जिल्हा, मंदिराचे पूर्ण नाव, चित्र कोणत्या दिशेने घेतले, तारीख, छायाचित्रकार आणि जुने चित्र असल्यास ते कोणाच्या संग्रहातून मिळाले, हे सारे नोंदले पाहिजे. मुक्तागिरीचे उदाहरण घ्यावे. बावन्न मंदिरांचे हे सिद्धक्षेत्र विदर्भातील भाविक परतवाड्यावरून जाऊन आपले मानतात, पण ते प्रशासनदृष्ट्या मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात आहे. 'अमरावती जिल्हा' असे लिहिले की चूक सर्व भाषांतील लेखांत पसरते. सत्य अणुव्रताचे पालन अशा लहान ओळींतही करावे लागते.

लेखांवरील संवत वाचतानाही सावधता हवी. विक्रम संवतातून सामान्यतः ५७ वजा करावे, शकात ७८ मिळवावे आणि वीर निर्वाण संवतातून ५२७ वजा करावे, म्हणजे इसवी सन येतो. महिन्यानुसार एका वर्षाचा फरक पडू शकतो. मूळ लेखात जो संवत आहे तो तसाच नोंदवून मग इसवी सन द्यावा. अक्षर वाचता आले नाही, तर अंदाजाने भरू नये. स्वच्छ छायाचित्र असले तर पुढील अभ्यासक ते वाचील.

प्रत्यक्ष काम अवघड नाही. घरातील ज्येष्ठांना जुन्या चित्रांतील माणसे आणि प्रसंग ओळखता येतात. तरुणांना स्कॅन करणे आणि चित्र संगणकावर चढविणे जमते. एका रविवारी मंदिराच्या सभागृहात दोन्ही पिढ्या एकत्र बसल्या, तर शंभर चित्रांची माहिती लिहून होऊ शकते. मूळ चित्रे मालकाला त्याच दिवशी परत द्यावीत. चित्राच्या मागे शाईने न लिहिता पेन्सिलीने क्रमांक घालावा. नागपुरात स्थायिक झालेल्या कुटुंबांनी आपल्या मूळ गावच्या मंदिराची जबाबदारी घेतली, तर रामटेकपासून कारंजापर्यंत आणि भातकुलीपासून भद्रावतीपर्यंतचा पट्टा काही वर्षांत नोंदला जाईल. तीर्थांची चित्रे कोणीतरी काढीलच. ज्या गावी यात्रा जात नाही, तेथील मंदिराला मात्र त्या गावच्या लेकरांवाचून दुसरा आधार नाही.

मूडबिद्रीच्या ताडपत्रांचे दर्शन पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले, पण त्यांच्या प्रती गावोगाव पोहोचल्या तेव्हाच धवला समाजाची झाली. कपाटातील अल्बमची गोष्ट वेगळी नाही. संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा मागील पन्नास वर्षांचे स्मरण करण्याचा प्रसंग असतो आणि त्या स्मरणाचे साधन प्रत्येक घरातील जुन्या चित्रांत दडलेले आहे. महोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने आपल्या मूळ गावचे एक तरी छायाचित्र खऱ्या माहितीसह ज्ञानकोशास अर्पण केले, तर पूर्वजांच्या शास्त्रदानाची परंपरा पुढे गेली असे म्हणता येईल, आणि हीच सुवर्णमहोत्सवाची खरी प्रभावना ठरेल.